जुन्या जिप्सीचं मीटर, नवीन इंजिनचा ईसीएम आणि मधे अडकलेला मी (सातारा)

जिप्सी_एमएच११
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज स्वतःची कटकट घेऊन आलोय. मोठं आहे, चहा घेऊन बसा.

गाडी १९९८ ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली. जुनं इंजिन इतकं धूर मारायला लागलं की गोडोलीत शेजारचे लोक खिडक्या लावून घ्यायचे. मग एका ठोकलेल्या २०१२ च्या सेदानचं १६०० सीसी पेट्रोल इंजिन उचललं. इंजिन, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, ॲक्सिलरेटर पेडल, चिपवाली चावी आणि चावीभोवतीची रिंग असा सगळा संसार एकदम घेतला, कारण चावी नाही तर ईसीएम इंजिन चालू होऊ देत नाही हे आधी ऐकलं होतं. कुठली सेदान ते विचारू नका, ओळखणारे ओळखतीलच. गिअरबॉक्सला लागणारी अडॅप्टर प्लेट एमआयडीसीतल्या लेथवाल्याने करून दिली. इंजिन तिसऱ्या सेल्फला चालू झालं आणि असं चालतंय की बोनेटवर रुपयाचं नाणं उभं राहील.

आता मीटर. मागच्या मालकाने कुठूनतरी टॅकोमीटरवालं (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, टॅको) जपानी मीटर आणून बसवलेलं आहे, मला ते फार आवडतं, हिरवा दिवा, बारीक केशरी काटे, ते काढून डिजिटल स्क्रीन लावायची नाही हे आधीच सांगतो म्हणजे तो सल्ला वाचेल. परिस्थिती अशी आहे:

स्पीडोमीटर चालतो. जिप्सीची केबल ट्रान्सफर केसमधून निघते आणि ती जुनीच आहे, त्यामुळे त्याला पत्ताच नाही की पुढे इंजिन बदललंय. पेट्रोलचा काटा पण चालतो, टाकी तीच. टॅको मेलेला. टेंपरेचरचा काटा कधी हलतो कधी नाही. चेक इंजिनचा दिवा जुन्या मीटरमध्ये नाहीच. आणि सगळ्यात वैताग म्हणजे स्कॅनर लावला की ईसीएम तीन रडगाणी गातो, पी ०५०० म्हणजे गाडीचा स्पीड मिळत नाही, यू ०१२१ म्हणजे एबीएस (ब्रेकचा कॉम्प्युटर) सापडत नाही, आणि यू ०१५५ म्हणजे मीटर सापडत नाही. मीटर डोळ्यासमोर आहे राव, काय सांगू त्याला.

कुपवाडचा_मिस्त्री
भावा कशाला नाद करतोस. टेंपरेचरला जुना सेन्सर वेगळा बसव, ऑईल प्रेशरचा स्विच जुना बसव, टॅको विसर. आधी टॅको नव्हता तेव्हा गाड्या घाट चढत नव्हत्या का. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायला शिकलोय आपण.

कॉलेजकट्टा
दादा मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या टीमच्या गाडीसाठी असलंच काम केलंय. बेसिक सांगतो. जुन्या मीटरमध्ये एका कामाला एक वायर, सेन्सर ते काटा. नवीन गाडीत ईसीएम, एबीएस, मीटर सगळे दोन एकमेकींत पिळलेल्या वायरींवर एकमेकांशी बोलतात, ती कॅन बस. त्यावर डेटाचा स्पीड बहुतेक ५०० केबीपीएस. म्हणजे तुमच्या ईसीएमला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), टेंपरेचर सगळं माहीत आहे आणि तो ते ओरडून सांगतोय, पण तुमच्या मीटरला ती भाषा येत नाही. मधे दुभाषा पाहिजे. एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड) आणि एमसीपी २५१५ चं कॅन मॉड्यूल घ्या.

सोपा रस्ता ओबीडीचा, म्हणजे स्कॅनर लावतो त्या कपलरचा. ७डीएफ या आयडीवर प्रश्न टाकायचा, ईसीएम ७ई८ वर उत्तर देतो. ०सी विचारलं की आरपीएम, ०५ विचारलं की टेंपरेचर. आरपीएमला दोन बाईट येतात, पहिला गुणिले २५६ अधिक दुसरा आणि सगळ्याला भागिले ४. टेंपरेचरला एकच बाईट, त्यातून ४० वजा, १३० आला तर ९० डिग्री. गाडी २०१२ ची असली तरी ओबीडीचं कपलर असेलच.

आणि मॉड्यूलवर १२० ओहमचा रेझिस्टर जोडणारा जंपर (छोटी पिन) असतो तो काढून टाका, बसवर दोन्ही टोकांना आधीच रेझिस्टर असतात.

जिप्सी_एमएच११
थँक्स रे. मागवलं, आलं, जोडलं. चार संध्याकाळी गेल्या, एक अक्षर येत नाही. वायरी उलट्या करून बघितल्या, दुसरं मॉड्यूल आणलं, बायको म्हणाली गाडीत लॅपटॉप घेऊन बसायचंच असेल तर ऑफिसला काय वाईट होतं.

कॉलेजकट्टा
मॉड्यूलवर चंदेरी रंगाचा लांबट क्रिस्टल आहे ना, त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा. ८ असेल तर कोडमध्ये ८ मेगाहर्ट्झ सांगावं लागतं. बऱ्याच लायब्ररी १६ धरून चालतात, मग तुम्ही ५०० म्हणता आणि मॉड्यूल प्रत्यक्षात २५० ने ऐकतं. आमचे पण दोन दिवस गेले होते यात, सर नुसते हसत उभे होते.

जिप्सी_एमएच११
८ च होतं!! भिंग लावून वाचलं. एक आकडा बदलला आणि धबधबा सुरू झाला.

पण तुझी जंपरची गोष्ट मला नडली, ती सांगतो म्हणजे पुढच्याला कळेल. जंपर काढल्यावर मधेच डेटा तुटायचा. मग बॅटरी काढून दोन्ही कॅन वायरींमध्ये मल्टीमीटर लावला, १२० ओहम. नेटवर सगळीकडे ६० यायला पाहिजे असं लिहिलंय. मग डोक्यात उजेड पडला, १२० चे दोन रेझिस्टर समांतर असले की ६०, त्यातला एक ईसीएमच्या आत आहे, दुसरा त्या सेदानच्या मीटरमध्ये होता आणि ते मीटर भंगारवाल्याकडे राहिलं. म्हणजे माझ्या बसला एकच टोक होतं. जंपर परत लावला, ६० आले, डेटा गुळगुळीत. तर जंपर काढायचा का ठेवायचा हे विचारायचं नाही, मोजायचं.

पहिलं उत्तर आलं ते वहीत लिहून ठेवलंय. ११ आणि १८४. ११ गुणिले २५६ म्हणजे २८१६, अधिक १८४ म्हणजे ३०००, भागिले ४, ७५०. इंजिन त्या वेळी आयडलला फुरफुरत होतं. रात्री साडेअकराला शेडमध्ये एकटाच टाळ्या वाजवल्या.

आता आकडा मिळाला पण काटा कसा हलवू? टॅकोच्या वायरीला आर्डुइनोमधून पल्स दिल्या, काही नाही. १२ व्होल्टच्या केल्या, तरी मख्ख.

मीटरमामा
अरे बाळा तुझा धागा माझ्या मुलानं दाखवला मी मिरज रोडला चाळीस वर्षं मीटरं दुरुस्त केली आता डोळ्यानं दिसत नाही म्हणून बंद केलं मी बोलतोय आणि मोबाईल लिहितोय त्यामुळं चुकलं तर सांभाळून घे. तुझा टॅको आकडे वाचत नाही तो लाथा मोजतो. जुन्या गाडीत टॅकोची वायर कॉइलच्या मायनसला जायची आणि कॉइल तुटली की तिथं दोन तीनशे व्होल्टचा झटका उसळायचा टॅकोच्या आत मोठा रेझिस्टर आहे तो झटका खाऊन त्यातलं थोडंसंच पुढं सोडतो आता तू बारा व्होल्ट दिलेस तर त्या रेझिस्टरच्या पलीकडं काय पोचणार, उंबरठ्यावरच बसून राहणार. दोन रस्ते आहेत एक तर मीटर उघड आणि तो रेझिस्टर कमी कर नाहीतर बाहेरून लाथ मारायची सोय कर. मीटर उघडायला लागलास तर काट्याला हात लावू नको नवीन पोरं काटा ओढून काढतात आणि मग आयुष्यभर आयडलला दोनशे जास्त दाखवतो. लाथेसाठी जुना बारा व्होल्टचा रिले घे त्याची कॉइल हीच तुझी इग्निशन कॉइल समज ट्रान्झिस्टरनं तोड जोड कर तुटताना जो झटका येईल तो टॅकोला दे. रिलेवर डायोड असेल तर काढ नाहीतर झटका गिळतो.
मोजणी अशी की चार सिलिंडरला एका फेऱ्यात दोन ठिणग्या म्हणजे आरपीएम भागिले तीस तेवढे हर्ट्झ. तीन हजाराला शंभर.

कुपवाडचा_मिस्त्री
मामा तुम्ही इथं! माझ्या वडिलांच्या टेम्पोचं मीटर तुम्हीच केलं होतं. परत कधी बिघडलं नाही, टेम्पोच बिघडला.

जिप्सी_एमएच११
मामा तुम्हाला दंडवत. केलं तसंच. आधी ट्रान्झिस्टरच्या जागी आयआरएफ ५४० मॉसफेट लावला, टॅको ३००० पर्यंत बरोबर आणि पुढे काटा थरथरायचा. ५४० हा १०० व्होल्टचा, झटका तिथेच कापला जात असणार. आयआरएफ ७४० लावला, तो ४०० व्होल्टचा, आणि काटा एकदम शहाण्यासारखा ६००० पर्यंत गेला (उभ्या गाडीत एवढी रेस दिली नाही हो, आर्डुइनोतून खोटी २०० हर्ट्झ दिली).

पण एक गंमत झाली. रिले दर पल्सला आतून टकटक करतो. आयडलला सेकंदाला २५ वेळा. डॅशबोर्डमागे भुंगा अडकल्यासारखा आवाज, आणि रेस वाढवली की भुंगा चिडतो. मुलगी घाबरून गाडीतून उतरली. शेवटी रिलेचं टोपण काढलं, आतली हलणारी पट्टी पक्कडने उचकटून फेकून दिली, नुसती कॉइल ठेवली. आता शांत.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी अजून एक, सुरुवातीला मी आर्डुइनोला डोकं न लावता एकाच इग्निशन कॉइलच्या ट्रिगर वायरवरून सिग्नल घेऊन बघितला होता. माझ्या इंजिनला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे, एक कॉइल दोन फेऱ्यांत एकदाच पेटते, त्यामुळे टॅकोला चौथाई हिशेब मिळतो, ३००० ला ७५० दाखवेल. दोनच कॉइल असलेलं इंजिन असेल तर निम्मं. तो रस्ता धरायचा तर चारी ट्रिगर डायोडने एकत्र करावे लागतात आणि ईसीएमच्या आउटपुटला हात लावायची माझी हिंमत नाही.

नियमबहाद्दर
चर्चा छान आहे पण आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलायचं तर परवानगी लागते, आरसीवर नोंद लागते, आणि जानेवारी २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर गाडी बदलणं अवघड झालंय. मीटर जुळेल, कागद जुळतील का?

जिप्सी_एमएच११
बरोबर बोललात, चिडत नाही. अर्ज टाकलाय. तोपर्यंत गाडी आमच्या शेतातल्या रस्त्याच्या बाहेर जात नाही असं समजा. या धाग्यात मीटरच बोलूया.

कृष्णाकाठ
चार्जिंगच्या दिव्याचं कुणीच बोललं नाही म्हणून. माझ्या ८०० मध्ये मी हौसेनं मीटरचे सगळे बल्ब काढून एलईडी लावले, दिसायला नाद खुळा. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बॅटरी डाउन. वायरमनने अल्टरनेटर खोलला, काही सापडेना, दोनदा पैसे गेले. कारण काय तर त्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मीटरमधल्या बल्बमधूनच मिळतो. बल्बमधून शंभर-दोनशे मिलिॲम्प जातात तेव्हा अल्टरनेटर जागा होतो, एलईडीतून दहा-वीस सुद्धा जात नाहीत. मग त्या एका दिव्याला परत साधा बल्ब लावला. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याला समांतर १०० ओहमचा, ५ वॅटचा पांढरा सिमेंटवाला रेझिस्टर लावा, छोटा लावू नका, दीड वॅटपर्यंत तापतो. जिप्सीवाले तुझ्या त्या सेदानच्या अल्टरनेटरच्या कपलरमध्ये 'एल' (चार्जिंगच्या दिव्याची) वायर आहे का बघ. काही नवीन गाड्यांत चार्जिंग पण ईसीएमच सांभाळतो.

जिप्सी_एमएच११
आहे एल. जुन्या दिव्याला जोडली, बल्ब साधाच आहे. इग्निशनला पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो. या सगळ्या प्रकरणात पहिल्या झटक्यात झालेली ही एकमेव गोष्ट.

---

जिप्सी_एमएच११
दहा दिवस गायब होतो. कारण सांगायला लाज वाटते पण सांगतो.

टॅको चालायला लागल्यावर मला शिंगं फुटली. रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढवू म्हणलं. (हो, शेतातला रस्ता. शेत जरा वर आहे.) टेंपरेचरचा काटा खाली, सी (थंड) च्या जरासा वर. मला वाटलं वा, काय थंड चालतंय इंजिन, सकाळचं वारं आहे. तिसऱ्या वळणाला कुकरच्या शिट्टीसारखा बारीक आवाज, मग गोड वास, कूलंटचा तो ओळखीचा गोड वास, आणि मग काचेसमोर वाफच वाफ. काटा तरी सी लाच! उतरलो, बोनेटला हात लागत नव्हता. अर्धा तास कठड्यावर बसलो, खाली सातारा आणि समोर अजिंक्यतारा बघत, आणि आर्डुइनोच्या कोडमध्ये टेंपरेचरची ओळ लिहायची राहिली होती याचा विचार करत. ईसीएमला सगळं माहीत होतं, त्यानं फॅन फुल चालू केला होता, तो कोड टाकून ओरडत पण असणार, पण मला सांगायला त्याच्याकडे दिवाच नव्हता. शेवटी दूधवाल्याच्या पिकअपने टोचन करून खाली आणलं.

नशीब गॅस्केट वाचलं. पाणी गेलं ते पंपाजवळच्या होजची क्लिप सैल होती म्हणून, तो माझाच आळस. पण काटा खोटं का बोलला ते कळत नाहीये. सेन्सर जुनाच आहे, नवीन इंजिनाच्या हेडला त्या आट्याची जागा नाही म्हणून वरच्या रेडिएटर होजमध्ये ॲल्युमिनियमचा तुकडा घालून त्यात बसवलाय. आट्याला टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलीय, गळू नये म्हणून.

मीटरमामा
बाळा तू स्वतःच लिहिलंस आणि स्वतःच विचारतोस. जुन्या सेन्सरला वायर किती, एक. दुसरी वायर कुठाय, त्याची बॉडी. हेडमध्ये आटा बसला की अर्थ म्हणजे अर्थिंग मिळतं. तू बसवलास रबरी होजच्या मधे दोन्हीकडं रबर, वर टेप गुंडाळलास म्हणजे ब्लँकेट पांघरलंस. अर्थ नाही तर करंट नाही करंट नाही तर काटा सी ला झोपणार. सेन्सरची एकच वायर तुटली तरी हेच होतं म्हणून लक्षात ठेव की जुन्या मीटरचा काटा बिघडला की थंडीकडं पडतो, गरमाकडं नाही. आमच्याकडं ट्रकवाले यायचे काटा खाली आहे म्हणून गाडी बरी चालली म्हणायचे मी म्हणायचो पहिलं वायर काढून बॉडीला टेकव काटा वर गेला तर मीटर बरोबर, मग सेन्सर बघ. पण टेकवून धरून ठेवू नको कॉइल जळते एक क्षण टेकव.

जिप्सी_एमएच११
मामा 🙏 वायर बॉडीला टेकवली, काटा सुळकन एच (गरम) ला. त्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला एक स्क्रू मारून तिथून इंजिन ब्लॉकला वेगळी अर्थ वायर घेतली, टेप काढून आट्याला नुसतं थोडं सीलंट लावलं. काटा जिवंत.

कुपवाडचा_मिस्त्री
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं जुना सेन्सर वेगळा बसव म्हणून. झालं ना?

कॉलेजकट्टा
पण मिस्त्री, होजमधला सेन्सर पाणी असेपर्यंतच खरं सांगतो. पाणी गेलं की तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो. ईसीएमचा सेन्सर हेडजवळ धातूत आहे. काटा पण कॅनवरूनच चालवा दादा, मॉसफेटने काट्याचा करंट पीडब्ल्यूएमने (भराभर चालू-बंद करत) सोडा. जुना काटा इतका सुस्त असतो की त्याला ते सरळ कमी-जास्त करंटसारखंच वाटतं.

आणि कृपा करून ईसीएमच्या टेंपरेचर सेन्सरच्या वायरीला जुनं मीटर जोडू नका कुणी. तो ५ व्होल्टवर चालतो, त्यात मीटरचे १२ व्होल्ट घुसले की ईसीएमला वाटेल इंजिन बर्फात आहे का वाळवंटात, पेट्रोल त्या हिशेबाने मारेल. किंवा ईसीएमचा तो भाग कायमचा जाईल.

जिप्सी_एमएच११
मला दोन्ही पाहिजे. काटा जुन्या सेन्सरवर, आणि ईसीएमने ११० च्या वर सांगितलं की लाल दिवा आणि बझर आर्डुइनोवर. घाटात ज्याने वाफ खाल्लीय त्याला एकाच साक्षीदारावर भरवसा राहत नाही.

पण काट्याचं सी ते एच म्हणजे किती डिग्री हे बघायला काल सेन्सर काढून स्वयंपाकघरात नेला. चहाचं पातेलं, त्यात सेन्सर दोरीने टांगलेला, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर, मल्टीमीटर ओट्यावर. ५० ला १५० ओहमच्या आसपास, ८० ला ५२, आणि पाणी उकळायला लागलं तेव्हा ३०. काटा ८० ला मध्याच्या जरा खाली, उकळत्या पाण्याला पाऊण. एकच गोष्ट, थर्मामीटर १०० दाखवेचना, ९७-९८ लाच थांबला. थर्मामीटर खराब आहे बहुतेक.

कॉलेजकट्टा
खराब नाही हो दादा 😂 सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटर वर आहे, तिथे पाणी ९७-९८ लाच उकळतं. तुमच्याकडे डाळ उगीच उशिरा शिजत नाही.

कृष्णाकाठ
साताऱ्यात पाणी लवकर उकळतं आणि माणसं पण.

जिप्सी_एमएच११
सांगलीकरांनी भडंग खावं आणि गप्प बसावं.

बरं मग १०० च्या पुढचं कसं बघू? रेडिएटरचं टोपण ०.९ चं आहे, प्रेशरमध्ये पाणी ११५ च्या पुढे उकळतं, मला १०५-११० ला काटा कुठे असतो तेच तर पाहिजे.

मीटरमामा
तेलात कर. गोडेतेल कढईत घे सेन्सरची टोकाची पितळ तेवढी बुडव वायरीची बाजू नको. मंद आच ठेव. आम्ही दुकानात असंच करायचो आणि नंतर त्याच तेलात नाही पण दुसऱ्या तेलात भजी.

जिप्सी_एमएच११
केलं. ११० ला काटा एच च्या रेघेच्या आत एक काडी. आता रोज कळतं, फॅन चालू होतो तेव्हा काटा पाऊण, बंद होतो तेव्हा त्याच्या जरा खाली. खरं सांगू का, नवीन गाड्यांचा काटा ७५ पासून १०५ पर्यंत मुद्दाम मधेच उभा ठेवतात, लोकांनी घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करू नये म्हणून. माझा हा म्हातारा काटा चढ आला की चढतो आणि उतार आला की उतरतो, त्याच्याकडे बघून गाडी चालवायला मजा येते. पेट्रोलच्या काट्यासारखा चुगलीखोर नाही.

राहिलं ते स्पीडचं. ईसीएमला स्पीड मिळत नाही म्हणून थांबायला गेलो की रेस खाली-वर होते, पोवई नाक्याला दोनदा बंद पडली.

कॉलेजकट्टा
तुमच्या केबलवाल्या स्पीडोमध्ये मागे रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच) आहे का बघा, दोन बारीक वायरी. बऱ्याच जपानी मीटरमध्ये असतो, एका फेऱ्याला चार पल्स. जपानी मापाने केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे फिरते, म्हणजे २५४८ पल्स. ६० च्या स्पीडला साधारण साडेबेचाळीस हर्ट्झ. ते आर्डुइनोने मोजायचं आणि एबीएस बोलतोय असं भासवून ईसीएमला कॅनवर सांगायचं. त्या मेसेजचा आयडी मात्र तुम्हाला शोधावा लागेल, तो कुठे छापलेला नसतो.

जिप्सी_एमएच११
आहे रीड स्विच! केबल ड्रिल मशीनला लावून फिरवली, ६० दाखवताना ४२-४३ हर्ट्झ मिळतात. दुभाषा आता उलटा पण बोलणार म्हणजे.

आयडीसाठी कराडच्या मित्राकडे तीच सेदान आहे, धडधाकट. त्याच्या ओबीडीला मॉड्यूल लावलं, फक्त ऐकायच्या मोडमध्ये, आणि या वेळी जंपर काढून (तिथे मोजले, ६० होते). हायवेवर २०, ४०, ६० धरून प्रत्येकी एक मिनिट. मित्र वैतागला, मागून ट्रक हॉर्न देतायत आणि मी म्हणतोय चाळीसच ठेव, चाळीसच ठेव. घरी येऊन बघितलं की कुठले बाईट २० ला एक आणि ४० ला बरोबर दुप्पट होतात. दीड तासात सापडलं. आयडी इथे टाकत नाही, दुसऱ्या मॉडेलवाला आंधळेपणाने वापरेल. एकच सांगतो, नुसता स्पीड पाठवून चालेना. त्याच मेसेजच्या शेवटी एक आकडा ० ते १५ गोल फिरत असतो, तो फिरवला नाही तर ईसीएमला वाटतं कुणीतरी जुनंच वाक्य परत परत म्हणतंय, आणि तो ऐकत नाही. एबीएसचा तेवढाच एक मेसेज, माझ्या गाडीत खरा एबीएस नाही म्हणून चाललं. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी हा उद्योग करू नये, एकाच आयडीवर दोघं बोलले तर ब्रेकशी खेळ होईल.

पी ०५०० गेला. यू ०१२१ गेला. गाडी सिग्नलला शहाण्यासारखी थांबते.

मीटरमामा
आणि मीटर हरवलंय म्हणणारा तो कोड

जिप्सी_एमएच११
यू ०१५५ काल रात्री गेला मामा. मित्राच्या गाडीच्या रेकॉर्डिंगमधून मीटरचा मेसेज शोधला, माझा आर्डुइनो आता दर शंभर मिलिसेकंदाला 'मी मीटर, मी इथे आहे' म्हणतो. केबलवर चालणाऱ्या मीटरच्या वतीनं.

चेक इंजिनच्या दिव्यासाठी मीटरमध्ये डावीकडे एक रिकामं भोक होतं तिथे पिवळा बल्ब बसवलाय. ईसीएमला ०१ विचारलं की पहिल्या बाईटचा सगळ्यात वरचा बिट दिवा पेटवायचा का नाही ते सांगतो. सगळे कोड पुसले, गाडी वाईपर्यंत नेऊन आणली, दिवा पेटला नाही.

कुपवाडचा_मिस्त्री
बल्ब उडाला असेल.

जिप्सी_एमएच११
हे लिहायला पाहिजे होतं का तुला. आता झोप लागायची नाही.

कॉलेजकट्टा
चावी ऑन करा, स्टार्ट करू नका. सगळे दिवे पेटतात तेव्हा तो पण पेटला पाहिजे.

जिप्सी_एमएच११
नाही पेटत. पण तो पेटणारच नाही, कारण तो आर्डुइनोवर आहे आणि चावी ऑन केल्यावर पेटवायची ओळ मी कोडमध्ये लिहिलीच नाही. थांबा, लॅपटॉप घेऊन खाली जातो.

जिप्सी_एमएच११
तीन सेकंद टाकले. पेटला आणि विझला.

मीटरमामा
फोटो टाक मुलगा मोठा करून दाखवेल. काटे केशरीच आहेत ना अजून